आदरार्थी बहुवचन

संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि आकाराम कारकुनाची बसलेली घडी विस्कटली. वीस वर्षं त्यानं मोडीत कागद लिहिले होते. आता पत्रं इंग्रजीत जाऊ लागली, आणि खात्याची इंग्रजी परीक्षा पास झाल्याशिवाय बढती नाही असा हुकूम निघाला. तेव्हा त्याचं वय त्रेचाळीस.

दोनदा तो नापास झाला. दोन्ही वेळा ‘वाक्ये शुद्ध करा’ या प्रश्नानं घात केला. शेवटी कचेरी सुटल्यावर तो शाहूपुरीत श्यामलाबाईंकडे जाऊ लागला. बाई हायस्कुलात इंग्रजी शिकवायच्या. त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. दिवसभर लिहून त्याची बोटं आखडलेली असायची, आणि समोर पुन्हा वही.

‘वन ऑफ द क्लार्क्स आर ॲबसेंट.’

“गैरहजर किती जण?” बाई विचारायच्या.

“एक.”

“मग क्रियापदही एकाचंच.”

हे त्याला पटलं. पण ‘द कलेक्टर हॅव कम’ हे वाक्य मात्र तो दर वेळी तसंच सोडायचा. एकदा बाई वैतागल्या. “आकारामराव, कलेक्टर एकच ना?”

“एकच हाय की. पण कलेक्टरसाहेब आला, असं कसं लिहू, बाई? जन्मभर ‘आले’ म्हणत आलोय. हात वळत न्हाय.”

बाई हसल्या नाहीत. सकाळपासून वह्या तपासून त्याही दमल्या होत्या. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. “इंग्रजी क्रियापदाला मानपान कळत नाही,” त्या म्हणाल्या. “शिपाई असो नाहीतर महाराज, एक म्हणजे एकच.”

घरी जाताना उचगावच्या वाटेवर सायकल मारत तो पुटपुटत राहिला. शिपाई हॅज, साहेब हॅज. मग ‘माय फादर हॅज’ म्हणायला गेला आणि जीभ अडली. अण्णांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांना त्यानं कधी एकेरी हाक मारली नव्हती. तो सायकलवरून उतरला, रस्त्याकडेला थोडा वेळ उभा राहिला. तेच वाक्य चार-पाचदा हळू आवाजात म्हटलं आणि पुढं निघाला.

तिसऱ्या खेपेला तो पास झाला, अगदी काठावर. त्याच्या बायकोनं, चिमणाबाईनं, शेजारीपाजारी साखर वाटली.

“आता हेडक्लार्क व्हणार की तुमी!”

ती जागा कचेरीतल्याच बी. ए. झालेल्या सयाजीला चार महिन्यांपूर्वीच मिळाली होती. हे तिला सांगायचं अजून राहिलंच होतं. तो नुसता हात-पाय धुऊन भिंतीला टेकून बसला.

टेबल तेच राहिलं. एवढंच, की कचेरीतले सगळे आपापले मसुदे त्याच्यापुढं टाकू लागले. “आकाराम, हॅज का हॅव, बघ की जरा.” तो आधी कर्ता शोधायचा, त्यावर बोट ठेवायचा, मग क्रियापद दुरुस्त करायचा. त्यात स्वतःचं काम मागं पडायचं. बाकीचे घरी गेले तरी तो आपला लिहितच असायचा.