स्नायू कोनाले असतात

किन्हीराजात लग्न जमलं की आधी गोजराबाईला तारीख विचारत, मग बँडवाल्याला. पुरणाचे मांडे तिनंच करावेत. पुरण भरलेला उंडा ती हातावर घ्यायची, या हातावरून त्या हातावर पलटत असा वाढवायची की तो कोपरापर्यंत लोंबायचा, आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायची. नवरा बबनराव म्हणायचा, हात देवाघरचे, तोंड तेवढं हिचं सोताचं.

तिचा भाऊ लखीराम वावरातून येऊन छाती धरून बसला, तो उठलाच नाही. त्याची तेरवी झाली तशी ती मालेगावला जाऊन रक्त तपासून आली. कोलेस्ट्रॉल भलतंच चढलेलं. डॉक्टरीणबाईनं रोज एक गोळी सांगितली. भावाचं मरण डोळ्यापुढं होतं. गोजराबाईनं एकही चुकवली नाही.

पुढं तिच्या दंडांतून कळा यायला लागल्या. पायरी चढताना मांड्या भरून यायच्या. बायांनी नजर उतरवली, बबनरावानं तेल चोळलं, शेवटी सगळ्यांनी वयावर ढकललं. डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारत, स्नायू दुखतात का? ती नाही म्हणायची. हातपाय कामानं दुखतात, ते काय दवाखान्यात सांगायचं?

जऊळका गावच्या एका लग्नात मांडा हातावरच फाटला आणि पुरण चुलीत पडलं. दुसराही तसाच गेला. एका बाईनं हसत विचारलं, "मावशी, पोयपाट-लाटनं देऊ का आता?" गोजराबाईनं पदराला हात पुसले आणि खापरापासून उठली.

मग ती लेकीकडं इंझोरीला गेली. गोळ्या पहिल्यांदाच घरी विसरल्या. तिथं चार दिवस म्हणता म्हणता महिना झाला आणि हात हलके झाले. गोजराबाई काय समजायचं ते समजली. घरी येऊन तिनं गोळ्यांचं पाकीट सरळ चुलीत घातलं.

"लखीरामाकडं जायाची घाई हाय का तुले?" बबनरावानं विचारलं.

"अन् हात गेल्यावर कायले राहू?"

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला गाडीवर बसवून मालेगावला आणलं.

डॉक्टरीणबाईनं सगळं ऐकलं. "मी दर वेळी विचारत होते ना, स्नायू दुखतात का म्हणून?"

"ते कुठी असतात बाई?"

डॉक्टरीणबाईनं तिचा दंड चिमटीत धरला. "हे."

"याले आमी मास म्हनतो. मले वाटलं, स्नायू शिकल्या-सवरल्याले असतात."

डॉक्टरीणबाईला हसू आलं. मग तिनं बजावलं, गोळी सोसत नसेल तर येऊन सांगायचं, मनानं बंद करायची नाही. हात कशानं दुखले ते पाहायला पुन्हा रक्त घेतलं. थोडे दिवस गोळी बंदच ठेवू म्हणाली. मग दुसरी, कमी ताकदीची, एक दिवसाआड. तीही सोसली नाही तर आणखी औषधं आहेत. तूप, डालडा, तळण कमी करायचं, जवसाची चटणी, डाळी खायच्या, रोज चालायचं. पण इतकं चढलेलं नुसत्या खाण्यानं उतरायचं नाही.

नवी गोळी घरी आली, तेव्हा गावातलं एक लग्न तीन महिन्यांवर होतं. लग्नानंतर घेईन, असं गोजराबाईच्या मनात आलं. फळीवरच्या पाकिटाकडं तिनं दोनदा पाहिलं. मग लखीराम आठवला, आणि गोळी पाण्यासोबत गिळली. रोज सकाळी ती साध्या कणकेचा उंडा हातावर वाढवून पाही. फाटला की तो बैलाला जाई.

हळूहळू बैलाला मिळेनासं झालं.

पुढच्या तपासणीत रक्तातलं कोलेस्ट्रॉल बरंच उतरलं होतं. उरलेल्यासाठी डॉक्टरीणबाईनं दुसऱ्या जातीची एक गोळी जोडली. ती आतड्यातच काम करते, बहुतेक हाताच्या वाटेला जायची नाही, म्हणाली.

त्या लग्नात पहिला मांडा अखंड उतरला. पहिला मांडा करणारणीचा, तुपात बुडवून द्यायचा, ही रीत. यजमानीण तुपाची वाटी घेऊन आली.

"कोरडाच दे वो," गोजराबाई म्हणाली.

कोरडा घास घशात अडकला. वर घोटभर पाणी पिऊन तिनं पुढचा उंडा हातावर घेतला.