ताईचं निवडुंग
परवा फ्रिजच्या तळाशी राहिलेली काकडी उचलायला गेले, तर बोट आत रुतलं, आणि त्या आंबूस वासासरशी मी मुलुंडच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत जाऊन उभी राहिले. एकोणीसशे पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. लग्न होऊन बिकानेरला गेलेली ताई पहिल्या माहेरपणाला आली, ती तुपाच्या रिकाम्या डब्यात पांढऱ्या लवेचं, चेंडूएवढं शोभेचं निवडुंग घेऊन. निघताना आईला बजावून गेली, "याला पाणी घालू नकोस. विसरून जा, म्हणजे जगेल." आईने मान हलवली. पण सकाळी तुळशीला घालून तांब्यात उरलेलं पाणी निवडुंगाला घातल्याशिवाय तिचा पाय घरात वळत नसे. मी ओरडायचे, "अगं, ताई नको म्हणाली ना!" तर म्हणायची, "तुळशीला द्यायचं आणि लेकीच्या झाडाला उपाशी ठेवायचं?" वडिलांनी डबा उचलून उंच फळीवर ठेवला, तर ती स्टुलावर चढली. श्रावणात ते एका बाजूला कललं. आई सरळ करायला गेली आणि तिचं बोट थेट आत गेलं. हाच वास. काटे टोचत होते, तरी तिने हात काढला नाही. "तिकडे तिला काय हवं-नको, मला थोडंच दिसतं?" ती म्हणाली. "इथे एवढंच करता येत होतं." मी काकडी टाकली, हात धुतले. दूरदेशीच्या माझ्या लेकीने आदल्याच दिवशी सांगितलं होतं, "आई, रोज फोन नको करत जाऊस गं." मी फोन लावला.