मोलगीला उघडलेली विलायती बाटली

बिअर या पेयाबद्दल माझे मत वाईट आहे, आणि ते ऐकीव नाही. आबकारी खात्यात मी बावीस वर्षे कारकुनी केली. या खात्यात माणूस दोन प्रकारांनी खराब होतो, पिऊन किंवा पिणाऱ्यांचे पंचनामे लिहून. मी दुसऱ्या प्रकारातला. पण साहेबाने ग्लास पुढे केला की कारकुनाला नाही म्हणण्याची सोय नसते, म्हणून चवी घ्याव्या लागल्या.

आमचे साहेब देशीच होते. वडील खेड्यातल्या शाळेत मास्तर, घरी सोवळेओवळे. पण एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली दोन वर्षे काढल्यावर त्यांनी त्याची टोपी, त्याचा खोकला आणि त्याची बिअर अशा तीन गोष्टी उचलल्या. त्याचे इंग्रजी तेवढे राहून गेले. बाटल्या मुंबईहून रेल्वेने नंदुरबारला यायच्या, पेंढ्यात गुंडाळून, खोक्यात बसून. उतरवून घेताना साहेब स्वतः फलाटावर हजर. त्यांच्या सौभाग्यवती माहेरून यायच्या तेव्हा मात्र शिपाई जात असे.

बाटल्या दोन जातींच्या होत्या. एक पिवळी, एक काळी. पिवळी जेवणाआधी आणि काळी जेवणानंतर, असा त्यांचा दंडक होता, आणि तो ते संध्यावंदनाच्या काटेकोरपणाने पाळत. पिवळीची चव किराइताच्या काढ्यात साबणाचा हात बुडवल्यासारखी. काळी म्हणजे करपलेली भाकरी रात्रभर पाण्यात ठेवावी आणि सकाळी त्या पाण्यात थोडी काकवी ढवळावी. मी तोंड वाकडे केले की साहेब म्हणत, "कारकून, ही चव जमवावी लागते." जी चव जमवावी लागते तिच्याविषयी मला संशय येतो. आंब्याची चव कोणी जमवल्याचे मी ऐकलेले नाही.

न्याय सर्वांना सारखा हवा म्हणून देशी मालाबद्दलही सांगून टाकतो. सूर्य उगवताना झाडावरून उतरवलेली ताडी मी एकदा प्यालो, ती बरी होती. दुपारी त्याच मडक्याला आंबून उतू गेलेल्या पिठाचा वास सुटला होता. मोहाची दारू घशातून तापलेल्या सळईसारखी जाते आणि मागे उंदराचा वास ठेवते. एकूण, माणसाने धान्य, फूल आणि झाड यांचे इतके वाटोळे दुसऱ्या कशासाठी केलेले नाही.

आता मोलगीची हकीकत. लढाई सुरू व्हायच्या आधीचा एक वैशाख होता. आम्ही फिरतीवर डोंगरात मोलगी गावी गेलो होतो, आणि पोचल्या दिवशीच एका नाल्यात चोरून लावलेली भट्टी सापडली. शिपायांनी मडकी फोडली, दारू दगडांवर ओतली. मी सावलीत बसून पंचनामा लिहिला आणि नमुन्याची एक बाटली भरून तिच्या तोंडावर लाखेची मोहर केली. ती धुळ्याच्या कोर्टात जायची होती. साहेबांनी संध्याकाळी पिवळी उघडून या कामगिरीचा आनंद साजरा केला. भट्टी मोडल्याचा उत्सव बाटली उघडून होतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तंबूपुढच्या मोहाच्या झाडाखाली चाळीसेक माणसे येऊन बसली. दोन गट, मध्ये दहा पावलांची मोकळी जागा. दोन्हीकडे धनुष्ये होती, पण ती मांडीवर आडवी ठेवलेली. मोकळ्या जागेच्या कडेला एक मुलगी आपल्या मावशीजवळ बसली होती; निवाडा होईपर्यंत तिला मावशीकडे ठेवले होते, हे मला मागाहून कळले.

आमचा शिपाई नंदुरबारच्या बाजूचा, अहिराणी बोलणारा. त्याला पहाडी बोलीही येत असे. तो जाऊन चौकशी करून आला.

"भाऊसाहेब, ती पोर होळीना बाजारमाईन नदीपल्याडना पोऱ्यासंगे गयी. तिना भाऊ तीर लई बसनात. आज दोन्ही बाप राजी व्हयनात, निवाडा व्हयी गया. पन दारू नई."

"मग?"

"दोन्ही बाप एकच द्रोनमाईन पेतस, तवय निवाडा पक्का. दिन बुडाना आत पेवा पडस. कोरडाच उठनात ते वैर." त्याने जरा आवाज खाली आणला. "दारू ते काल आपीनच सांडी दिन्ही."

नाल्यातली भट्टी या बैठकीसाठी लावलेली होती. परवान्याचे दुकान धडगावला, आणि तिथे जाऊन परत येईपर्यंत सूर्य थांबला नसता.

गावचा म्हातारा पाटील तंबूच्या दाराशी आला. त्याने माझ्या टेबलावरच्या मोहोरबंद बाटलीकडे बोट केले. शिपायाने अर्थ सांगितला: ती आमचीच आहे, तेवढी द्या, दोन घोट पुरतील.

मी नकाराची मान हलवली. कोर्टाचा पुरावा होता तो. झाडाखालची मुलगी त्या बाटलीकडे आणि मग माझ्याकडे पाहत होती. काल मडकी फुटताना सावलीत बसून लिहीत कोण होते, हे तिला ठाऊक असावे. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते. कायद्याने वागल्यावर इतकी शिसारी मला पुढे कधी आली नाही.

साहेब दाढी करून बाहेर आले. सगळी हकीकत ऐकताना त्यांचे लक्ष धनुष्यांकडे होते आणि तसतशी त्यांची उदारबुद्धी वाढत होती.

"आपण त्यांना बिअर देऊ," ते म्हणाले. "परवानगीचा माल आहे. शिवाय सुधारलेले पेय. कारकून, यांची रुची सुधारली तर निम्मे गुन्हे आपोआप बंद होतील."

"साहेब, कोणती? जेवणाआधीची की नंतरची?"

"पिवळी," साहेब गंभीरपणे म्हणाले. "वैराच्या प्रसंगी पिवळीच योग्य."

बाटली सकाळपासून ओल्या फडक्यात गुंडाळून फांदीला टांगलेली होती, तरी वैशाखात ती आंघोळीच्या पाण्याइतकी कोमट होती. साहेबांनी ती मोकळ्या जागेत नेऊन समारंभाने उघडली. फेस उसळून त्यांच्या मनगटावरून बाहीत गेला. दोन्ही गट बसल्या जागी मागे सरकले.

पाटलाने पळसाच्या पानांचा द्रोण भरून घेतला. पहिली धार त्यांच्यात जमिनीला देतात. त्याने ती दिली. फेस धुळीवर तसाच उभा राहिला, कोणी थुंकून ठेवल्यासारखा. सगळे वाकून पाहू लागले. माती ते घेते की नाही, यावर सारे अडले होते. मुलीची मावशी काहीतरी पुटपुटत होती. साहेब म्हणाले, "उत्तम फेस आहे." हळूहळू बुडबुडे फुटले आणि एक ओला डाग राहिला.

"घेतली," पाटील म्हणाला. एवढा शब्द मला शिपायाशिवाय कळला.

मग द्रोण मुलीच्या बापाकडे गेला. उंच, हाडकुळा माणूस. त्याने मोठा घोट घेतला आणि त्याचा चेहरा जागच्या जागी थांबला. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी. थुंकले तर निवाडा मोडला, हे तिथल्या पोराबाळांनाही माहीत होते. मुलाच्या बापाचा हात मांडीवरच्या धनुष्याकडे गेला. मुलगी उठून उभी राहिली. सगळ्यांची नजर तिच्या बापाच्या गळ्याच्या घाटीवर. शेवटी घाटी वर गेली, खाली आली, आणि त्याने अंगाला हिव भरल्यासारखे खांदे झटकले.

द्रोण पलीकडे गेला. मुलाच्या बापाने जिद्दीने एका दमात रिकामा केला. मग त्याने जीभ बाहेर काढली आणि ती धोतराच्या सोग्याने पुसू लागला.

ते पाहून मुलीचा बाप हसला. आधी नाकातून, मग पोट धरून. समोरचाही हसू लागला. दोन महिन्यांचे वैरी एकमेकांच्या वाकड्या तोंडांकडे बोट दाखवत हसत होते. मुलीच्या भावांनी धनुष्यांच्या दोऱ्या उतरवल्या.

पाटलाने द्रोण पुन्हा भरला आणि माझ्यापुढे धरला.

"त्या म्हनतस," शिपाई दात काढत म्हणाला, "काल तुम्हीन लिखं ना, मंग आज साक्षीबी तुम्हीनच व्हा."

मी प्यालो. कोमट, कडू, वर पळसाच्या पानाचा तुरटपणा आणि साहेबांच्या बाहीतून परत आलेला थोडा फेस. माझ्या सगळ्या आयुष्यात त्याहून घाण काही पोटात गेले नाही. मुलीने माझे तोंड पाहिले आणि तीही हसली. मग ती मधली दहा पावले चालून मुलाकडच्या बायकांत जाऊन बसली.

साहेबांनी पुढे वर्षभर ही गोष्ट धुळ्याच्या क्लबात सांगितली. त्यांच्या सांगण्यात पहाडी लोकांनी बिअरवर अशी झडप घातली होती की बाटली पुरली नाही. रुची सुधारता येते याचा तो दाखला होता. मी साक्षीदार म्हणून मान डोलवायचो. कारकुनीचा तोही भाग आहे.

तीन-चार वर्षांनी धडगावच्या बाजारात मुलीचा बाप भेटला. मला त्याने आधी ओळखले. बगलेत एक कोंबडी होती; मुलीकडे चाललो आहे, म्हणाला. आता त्याला बाजारापुरती अहिराणी येत होती. मी विचारले, निवाडा टिकला ना? मध्ये काही कुरबूर?

"व्हयनी," तो म्हणाला. "दोनदाव व्हयनी. पोरं म्हनेत, मोडी टाका." मग त्याने मोलगीच्या झाडाखाली केले होते तेच तोंड केले, गाल फुगवून, डोळे बारीक करून. "पन मोडा ते नवा निवाडा करना पडी. आनि परत तीच पेनी पडी ना!"

रस्त्याच्या कडेला जाऊन तो थुंकला, कोंबडी दुसऱ्या बगलेत घेतली आणि नदीपलीकडच्या गावाच्या वाटेला लागला.