मोतीलाल नाना आणि जावयाचा लेख

...तर जावई पाटावर बसलेला, ताटात खापरावरची पुरणपोळी, वाटीत आमरस, आणि हात मांडीवर! घासच उचलेना. काल इथवर आलो होतो आणि नेमके पाहुणे टपकले.

साल एकोणीसशे चौतीस-पस्तीसचं, गाव धुळे, सण आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. लेकी झोके घ्यायला माहेरी आलेल्या, जावई त्यांना न्यायला आलेले. घर मोतीलाल नानांचं. मी शेजारी, म्हणून पंगतीला.

नाना शाळामास्तर, पण जीव सगळा एका त्रैमासिकात. जुन्या इतिहासाचे लेख छापायचं ते. संपादकांची रीत अशी, की आलेल्या लेखावरचं नाव कापायचं आणि लेख नानांकडे धाडायचा. नानांनी वाचून खाली लिहायचं, 'छापावा' नाहीतर 'छापू नये'. लेख कोणाचा हे नानांना कळू द्यायचं नाही, आणि वाचतंय कोण हे लेखकाला. पगार नाही, पानसुपारीही नाही. त्यांच्या तानुबाई म्हणायच्या, "लोकांच्या लेखातले खडे वेचता, त्यापेक्षा माझ्या तांदळातले वेचा की!"

तर जावई रुसला. रुपचंद त्याचं नाव, फैजपूरला मास्तर. जावयानं आखाजीला रुसायचं आणि सासऱ्यानं अंगठी-घड्याळ देऊन उठवायचं, ही तर रीतच. आमच्या गल्लीतला अभिमन पंगतीतून ओरडला, "घड्याळ माग पाव्हना, लवकर माग! बठ्ठी पंगत भुकी शे!"

सगळी भुकेली पंगत हसली. रुपचंद हसला नाही.

"मामा, घड्याळ नको. तापीच्या होड्यांवरचा लेख आलाय ना तुमच्याकडे? तेवढा पास करा. छापून आला की हेडमास्तरची जागा माझी."

नानांच्या हातातला पाण्याचा तांब्या कलंडला, धोतर भिजलं, पण त्यांना भान नाही.

"तो लेख... तुमचा?"

"माझाच."

"आणि वाचतोय मी, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"संपादकांचा कारकून आमच्याच गावचा."

नाना त्याच्या पाटासमोर बसले. त्यांनी तो लेख वाचला होता आणि वाचल्यापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं, हे मला एकट्याला माहीत. रावेरचे हिलाल मास्तर तापीकाठी उन्हातान्हात हिंडले, होडीवाल्यांच्या तोंडून एकेक गोष्ट मिळवली, जळगावच्या एका मासिकात लेख छापला आणि इन्फ्लुएंझाच्या साथीत गेले. हा लेख म्हणजे तोच! ओळ न् ओळ. होडीवाल्याच्या म्हाताऱ्या आजीचा किस्सासुद्धा जसाच्या तसा. चोर कोण, हे तेवढं नानांना ठाऊक नव्हतं. आता तो त्यांच्याच पाटावर बसून आमरसाकडे बघत होता.

नानांनी सगळ्यांसमक्ष तसं सांगितलं. रुपचंद लाल झाला. "होड्या काय हिलाल मास्तरांच्या बापाच्या होत्या? आणि मेलेला माणूस थोडाच विचारायला येतोय?"

अभिमन कुजबुजला, "सही करी टाक ना नाना. सणना दिन शे."

तानुबाईंनी पदर तोंडाला लावला. तुपाचं भांडं घेऊन कुंदाबाई दारात उभी. नानांची ती एकुलती एक. तिच्याकडे न बघताच रुपचंद म्हणाला, "सही नसेल, तर मी हा निघालो. आणि हिला ठेवा इथंच. कायमची."

अरे, असं बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्या काळी टाकलेली लेक म्हणजे काय, हे पंगतीतल्या प्रत्येकाला ठाऊक. आता नाना वाकणार, असंच आम्ही सगळे धरून चाललो.

कुंदाबाईनं भांडं खाली ठेवलं. "नाना," ती म्हणाली, "मन्हाकडे देखीसन नका बोलू."

लेकच 'माझ्याकडे बघून बोलू नका' म्हणाली, तसे नाना उठले. आत जाऊन लेख आणला, जावयाच्या ताटाशेजारी ठेवला आणि हात जोडून म्हणाले,

"पाव्हणं, अंगठी मागितली असती तर बोटातली काढून दिली असती, ती माझी आहे. हा लेख हिलाल मास्तरांचा, तो मी तुमच्या नावानं कसा पास करू? पोरगी इथं राहू द्या. लेख तेवढा घेऊन जा."