बाबांना पेट्रोलचा वास आला नाही

मंडळी, आज सकाळी आमच्या दिल्लीतल्या द्वारकाच्या सोसायटीत बेसमेंटमध्ये पेट्रोलचा वास सुटला म्हणून गार्डने मला खाली बोलावलं. वास आमच्याच गाडीचा होता.

ही बाबांची जुनी अँबेसिडर, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना घेतलेली. नव्या छोट्या गाड्या आल्या तशा शेजाऱ्यांनी गाड्या बदलल्या, बाबांनी नाही. रिटायर झाल्यावर वर्षभर खपून त्यांनी ती नव्यासारखी करून घेतली.

खाली पोहोचले तर बाबा आत बसून निवांत काच पुसत होते. मागे टाकीखाली पेट्रोलचं थारोळं.

"बाबा, आधी बाहेर या. एवढा वास येतोय, कळलं नाही?"

"कुठे येतोय?"

गाडी ढकलत उघड्यावर नेली. मेकॅनिकने टाकी उतरवली, रिकामी करून नीट धुतली आणि मग गंजलेला सांधा झाळून दिला. "अब नहीं टपकेगी," तो म्हणाला.

माझं लक्ष बाबांकडे होतं. घरी आल्यावर पुन्हा विचारलं. त्यांनी हातातला पेपर बाजूला ठेवला.

"थंडीत ताप आला होता ना, तेव्हापासून कसलाच वास येत नाही. चहाचासुद्धा. तुला सांगितलं असतं तर तू गाडी विकायला लावली असतीस."

खरंच लावली असती.

डॉक्टरांची उद्याची वेळ घेतलीय. किल्ली मात्र मी मागितली नाही. गाडी काढण्याआधी मला हाक मारायची, वास मी घेईन, एवढंच ठरलं.

तुमच्या घरातली मोठी माणसं तुम्हाला सगळं सांगतात का? की तुम्ही काय काढून घ्याल, याचा आधी विचार करतात?