सोमवारची कोळंबी

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. बाकीचं सगळं जिला ठाऊक आहे त्या माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल तर एवढंच करा, मध्ये बोलू नका. माझी बाजू तर अजिबात घेऊ नका. बाजू घेणाऱ्यांनीच तेव्हा घात केला होता. म्हणजे — घात मीच केला, त्यांनी नुसता हातभार लावला. बघा, सुरुवात केली नाही तोच मी दुसऱ्यांवर ढकलायला लागले. ही माझी जुनी खोड आहे.

दोन हजार सहा-सात सालची गोष्ट. आम्ही वसईला एव्हरशाईन सिटीत राहत होतो. मी तिथल्याच एका शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून कॉलनीत लहानथोर सगळे मला टीचर म्हणत. महिला मंडळाची अध्यक्षही मीच. आवाज खणखणीत, अक्षर मोत्यासारखं, आणि दुसऱ्याला चार गोष्टी सुनवायची हौस दांडगी — अध्यक्ष व्हायला आणखी काय लागतं?

आमच्या इमारतीखालच्या गाळ्यांमध्ये, झेरॉक्सवाला आणि ब्युटी पार्लरच्या मध्ये, एक नवं हॉटेल उघडलं. चार टेबलं, काचेचा एक बुटका फ्रीज, आणि बाहेर पाटी — सुशी. आमच्याकडे! जिथे पावभाजीच्या गाडीपुढे रांग लागायची तिथे सुशी! ‘कच्चा मासा आमची मांजरं खातात,’ असं म्हणून लोक पाटीसमोर उभं राहून हसत. मीही हसले.

हॉटेल बस्त्यावचं. तो भुईगावचा, वसईतला ख्रिस्ती. वीसेक वर्षं मोठ्या प्रवासी जहाजांवर स्वयंपाकी होता, तिथे एका म्हाताऱ्या जपानी आचाऱ्याच्या हाताखाली हे काम शिकला. गावी बायको मार्ता एकटी केळीची वाडी सांभाळायची. पन्नाशी आली तसा तो म्हणाला, आता पुरे झालं पाणी, आता घरी जेवायचं. जन्माची पुंजी त्याने त्या भाड्याच्या गाळ्यात घातली.

मी पहिल्यांदा गेले ती नुसती चेष्टा म्हणून. त्याने माझ्यासमोर ओल्या हाताने भाताचा छोटा मुटका वळला, त्यावर मीठ आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या बांगड्याची एक फोड ठेवली, बोटांनी हलकेच दाबली आणि बशी पुढे केली. मी वेंगुर्ल्याची. बांगडा मी तळलेला, भाजलेला, तिखल्यातला, खारवलेला, सगळा खाल्लेला. पण तो बांगडा — काय सांगू? माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मोहरीसारख्या झोंबणाऱ्या त्या हिरव्या चटणीमुळे नव्हतं. त्या दिवसापासून मी आठवड्यातून एकदा जाऊ लागले, एकटीच. घरी सांगितलं नाही. लपवण्यासारखं काही होतं म्हणून नव्हे. दिवसभर चाळीस मुलं, मग सासूबाई, मग नवऱ्याचा डबा — त्यात हा अर्धा तास माझा होता. इथवर काही पाप नाही, नाही का?

मग श्रावण आला.

आमच्या घरी वर्षभर मासे शिजत, पण श्रावणात नाव काढायचं नाही. कॉलनीत बहुतेकांचं असंच. गटारीला इतकं खायचं की महिना निघाला पाहिजे. आणि मंडळाची अध्यक्ष म्हणून मी दोन पावलं पुढे. मासेवालीने श्रावणात गेटच्या आत येऊ नये, हा ठराव माझा. सोमवारी संध्याकाळी पाच वाजता मंडळाच्या बायकांना जमवून शंकराची कहाणी वाचायची, तीही मीच. उपास माझा कडक म्हणून प्रसिद्ध. मंडळातल्या कर्णिक वहिनी म्हणायच्या, टीचरचा उपास म्हणजे पाण्याच्या घोटावर.

श्रावणी सोमवारी शाळा अर्धी असते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. उपासासाठी म्हणून मुलांना, शिक्षकांना लवकर सोडतात. तर त्या अर्ध्या शाळेचं मी काय केलं? मी शाळेतून थेट बस्त्यावकडे गेले.

भूक लागली होती म्हणू? हातून घडलं म्हणू? एकदा घडलं असतं तर म्हटलं असतं. मी तीन सोमवार गेले.

पहिल्या सोमवारी त्याने विचारलं, “टीचर, आज सोमवार हाय. काकडीचा रोल करू ना?” शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी त्याने वेगळी फळी, वेगळी सुरी, वेगळं फडकं ठेवलं होतं. सुरीच्या मुठीला हिरवी पट्टी गुंडाळलेली. येईल त्याला तो ती अभिमानाने दाखवायचा. मी म्हटलं, नको, बांगडाच दे. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. फ्रीजच्या आडोशाचं टेबल तेवढं त्याने माझ्यासाठी पुसून ठेवलं. न बोलता, न हसता. माणसाची लाज कशी झाकायची हे त्याला कळत होतं.

आता तिसरा सोमवार. इथे थांबावंसं वाटतं — पण सांगतेच.

त्या शुक्रवारी मंडळाचं हळदीकुंकू होतं. या वर्षी खालच्या दुकानदारांच्या बायकांनाही बोलवू, जातधर्म बघायचा नाही, ही सूचना माझीच. केवढ्या टाळ्या पडल्या होत्या! तर त्या दुपारी कर्णिक वहिनी आणि आणखी दोघीजणी कुंकवाची कुयरी हातात घेऊन दुकानं फिरत होत्या. बस्त्यावच्या बायकोला बोलावणं द्यायला त्या आत आल्या. माझी पाठ दाराकडे. कर्णिक वहिनी फ्रीजला वळसा घालून आल्या आणि थबकल्या. माझ्यासमोर बशी, बशीत भातावर गुलाबी कोळंबी, एक माझ्या तोंडात.

“अगंबाई, टीचर? आज सोमवार ना?”

विचार करायला किती वेळ मिळाला असेल मला? तेवढा पुरला. मी तोंडावर हात धरला, डोळे मोठे केले आणि म्हटलं, “शी! ही कोळंबी आहे? मी तर काकडीचा सांगितला होता याला!”

एवढ्यावर थांबले असते तर — नाही, थांबले नाही. मी उठून बेसिनकडे धावले, थुंकले, आणि ओकारी काढली. खोटी ओकारी. चौथीतला पोरगा शाळा चुकवायला काढतो तशी. कर्णिक वहिनी पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि मी बेसिनच्या वरच्या आरशात बस्त्यावला पाहत होते. तो हातात सुरी घेऊन उभा होता. माझ्याकडे बघत होता. मी खरं बोलेन म्हणून थांबला होता, असं मला वाटतं. मी पुन्हा खोकले.

मग त्याने सुरी खाली ठेवली आणि म्हणाला, “चुकी झाली, टीचर. माझी चुकी.”

का म्हणाला तो असं? मला अजून त्याचा राग येतो — हो, राग येतो, हसू नका. ओरडायचं होतं ना! सांगायचं होतं, ही बाई तीन सोमवार इथे बसून मासे खातेय म्हणून. त्याचं हॉटेल, त्याचा गाळा, त्याची पुंजी. माझं काय जाणार होतं? चार दिवस कुजबुज, एक अध्यक्षपद. एवढ्या फालतू गोष्टीसाठी त्याने माझं ओझं उचललं आणि मी त्याला उचलू दिलं.

पुढे सगळं आपोआप झालं. चुकून घातली, असं दुपारी होतं. संध्याकाळी कहाणीच्या वेळेपर्यंत मुद्दाम घातली झालं. बुधवारपर्यंत तो सगळ्यांच्याच काकडीत मासे घालतो असं झालं. गटारीला बांगड्यांचे डोंगर फस्त केलेल्या त्याच बायका म्हणू लागल्या, “हे लोक मुद्दामच करतात.” हे लोक! माझ्या वर्गातली निम्मी मुलं ‘हे लोक’ होती. त्यांच्याच गावांच्या जमिनींवर आमच्या इमारती उभ्या होत्या. मी तिथेच बसले होते. मला संताप आला का? आला. आतल्या आत इतका आला की कानशिलं तापली. पण तोंडातून ब्र काढला नाही. जो संताप तोंडात राहतो त्याला काय चाटायचं आहे?

आणि त्यानंतर कोणी म्हणालं, टीचर, लेखी तक्रार द्या, तुमचं अक्षर चांगलं आहे.

मी दिली. इथे घाबरले होते, गोंधळले होते असलं काही म्हणायला जागा नाही. रविवारी सकाळी चहा पिऊन, टेबलापाशी बसून, आधी कच्चं लिहून मग पक्कं करत मी दोन पानं लिहिली. ‘माझ्या व्रताचा भंग करण्यात आला.’ ‘श्रद्धेशी खेळ.’ शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. सोसायटीच्या सभेत ती वाचली गेली तेव्हा बस्त्यावला उभं करून विचारलं, हे खरं आहे का? तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, हो, माझ्या हातून झालं, फळ्या बदलल्या गेल्या.

एका सकाळी पाटीवर कुणीतरी डांबर फासलेलं दिसलं. त्याने ते घासून काढलं. मग तो दुकानाबाहेर स्टूल मांडून, त्यावर ती वेगळी फळी आणि हिरव्या पट्टीची सुरी ठेवून बसू लागला. येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं म्हणून. कोणी बघेना. मी तर शाळेचा रस्ताच बदलला, मागच्या गल्लीने जायला लागले. पितृपक्षात गाळ्याच्या मालकाने त्याला जागा खाली करायला सांगितली. दिवाळीला तिथे मोबाईलचं दुकान होतं, आणि तो पुन्हा जहाजावर गेल्याचं झेरॉक्सवाल्याकडून कळलं. बावन्नाव्या वर्षी. घरी जेवायला म्हणून परत आलेला माणूस.

मी गप्प राहिले. दोन वर्षं. मंडळाने मला पुन्हा अध्यक्ष केलं.

मग एका रविवारी मी उठले आणि रिक्षा करून भुईगावला गेले. सांगून टाकायचं, असं ठरवून गेले होते. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती — शिक्षिका ना! वाडी शोधायला वेळ लागला नाही. मार्ता विहिरीजवळ केळीच्या बुंध्यांना माती लावत होती. मला तिने कधी पाहिलं नव्हतं. मी नाव सांगितलं तशी ती चिखलाचे हात तसेच घेऊन उभी राहिली.

“एव्हरशाईनच्या टीचर?”

मी मान हलवली. तिने धावत जाऊन हात धुतले, मला ओट्यावर बसवलं, पानी आणते म्हणून आत गेली. तांब्या ठेवला आणि माझ्यासमोर खालीच बसली. मी तोंड उघडणार तर तीच बोलायला लागली.

“टीचर, खरं तर मीच यायला पायजे होतं तुमच्याकडे. हिंमत नाय झाली. उपासाच्या बाईच्या ताटात मासा? मी त्यांना किती बोलले असेन तुम्हाला काय सांगू. जन्मभर लोकांना रांधून घातलं आणि एवढं कळू नये? विचारलं तर म्हणतात, लक्ष नव्हतं माझं. दोन महिने मी धड बोलले नाय त्यांच्याशी. जहाजावर निघाले त्या दिवशी पन ऐकवलंच. तुमच्या हलगर्जीपनानं चाललात, म्हटलं, मला परत एकटीला टाकून.”

त्याने तिलाही सांगितलं नव्हतं.

आता सांगायचं होतं. यापेक्षा चांगली वेळ कुठली? ती समोर, मी समोर, तिसरं कोणी नाही. एक वाक्य. तिचा नवरा तिला परत मिळाला असता — निदान मनात. मला हे सगळं त्या क्षणी कळत होतं, लख्ख कळत होतं. नंतर सुचलं असं म्हणणार नाही.

तिने माझे दोन्ही हात धरले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “आम्हाला माफ करा, टीचर,” ती म्हणाली. “तुम्ही एवढ्या लांब आलात, तुमचं मन मोठं हाय.”

आणि मी तिचे हात थोपटले. म्हटलं, “जाऊ दे गं मार्ता. मी केव्हाच माफ केलंय.”

निघताना तिने मला एक फणी वेलची केळी दिली. मी घेतली.