फाल्गुनातला घाट

गोठ्याच्या पत्र्यावरून पडलो आणि उजव्या पायात रॉड टाकावा लागला. एसटीवर ड्रायव्हरकी करण्यात निम्मं आयुष्य गेलेला माणूस मी. धाड गावातल्या घरात तीन महिने पलंगावर पडून राहायची वेळ आली. बायको त्याच सुमारास बचत गटात गालिचा करायला शिकून आली होती. लाकडी चौकटीवर बारदान ताणायचं, जुन्या कपड्यांच्या बोटभर पट्ट्या फाडायच्या, पट्टी बारदानाखाली धरायची आणि आकड्याच्या सुईनं तिचा एकेक फास वर ओढायचा. फास दाटीनं बसले की जाड, मऊ गालिचा होतो.

शिकवणाऱ्या बाईंनी तिला मोराचा छाप दिला होता. पण स्वयंपाक, बकऱ्या, माझं दुखणं यात मोराची मान काही पुरी होईना. एका दुपारी मीच चौकट ओढून घेतली आणि मान पुरी केली. तिनं निरखून पाहिलं. माझ्यापेक्षा तुमचे फास सारखे आले, म्हणाली.

पुढचा गालिचा मी करणार, असं तेव्हाच सांगून टाकलं. पण मोर, पोपट, गुलाब मला नको होते. बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरणारा राजूर घाट मला करायचा होता. कोळशानं बारदानावर तीनदा रस्ता काढला. पहिल्यांदा तो वरून पाहिल्यासारखा आला, नुसता साप. ड्रायव्हरला घाट असा कधीच दिसत नाही. शेवटी रस्ता खालच्या काठापासून रुंद घेतला आणि वळणावर डोंगराआड घालवला.

रंगावरून घरात भांडण झालं. बायकोचं म्हणणं, हिरवं नसलं तर त्याला डोंगर कोण म्हणेल? मी म्हटलं, फाल्गुनात सागाला पान नसतं, गवत वाळलेलं असतं, मी जे रोज पाहिलं तेच करणार. माझे जुने खाकी गणवेश होते. एक तसाच फाडला, एक सोड्यात उकळला, एक पंधरा दिवस उन्हात टाकला. एका खाकीचे तीन रंग झाले. डांबरी रस्ता काळाकुट्ट नसतो, म्हणून विटलेला काळा परकर घेतला. पळसाच्या फुलांना केशरी हवा होता. तिनं नवाकोरा ब्लाऊजपीस पेटीतून काढून माझ्यापुढे टाकला.

काम अर्ध्यावर असताना मोठे भाऊ आले. खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी दिसत होतो, त्याची त्यांना लाज वाटत होती.

"बायकायचं काम हाये हे," ते म्हणाले. "करायचं त आतल्या खोलीत बसून कर. लोकं पाहून राह्यले."

ते गेल्यावर बायकोच्या मदतीनं चौकट बाहेर ओट्यावर नेली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी चहा झाला की पाय बाजेवर ठेवून तिथंच बसायचो, भर रस्त्यासमोर. जुन्या सोबत्यांपैकी एकानं विचारलं, आता चूल कधी पेटवता? कालच पेटवली, मी सांगितलं, वांग्याची भाजी चांगली झाली होती. तो हसला, मी नाही हसलो.

मग बुलढाण्याला गटांचं प्रदर्शन लागलं. आम्ही मोर आणि घाट दोन्ही नेले. तिथल्या मॅडमना घाट फार आवडला. त्यांनी तो मधोमध टांगला आणि खाली बायकोच्या नावाची चिठ्ठी लावली. हा मी केलाय, म्हणालो. त्या म्हणाल्या, प्रदर्शन महिलांचं आहे, पुरुषाचं नाव बसत नाही, ताईंचंच राहू द्या, काय फरक पडतो?

बायको पुढे झाली.

"मोर मी केला. त्याले माह्यं नाव लावा," ती म्हणाली. "हा घाट ह्यायनं केला. त्याले मी काऊन माह्यं नाव लावू?"

मग घाट घेऊन जा, असं उत्तर मिळालं. मी तो उतरवत होतो तेवढ्यात तिनं आपला मोरही काढून गुंडाळला. मी तिला राहू दे म्हणालो. तिनं ऐकलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी धाडमध्येच ताडपत्रीवर दोन्ही अंथरले आणि पुठ्ठ्यावर दोघांची नावं लिहून ज्याचा गालिचा त्याचं नाव त्यापुढे ठेवलं. मोर दुपारपर्यंत गेला. घाट चार बाजार तसाच राहिला. लोक बघायचे, नाव वाचायचे, मग माझ्याकडे बघायचे. मीही त्यांच्याकडे बघायचो. पाचव्या बाजारी साखरखेर्ड्याचे एक रिटायर गुरुजी आले, उकिडवे बसून त्यांनी फासांवरून हात फिरवला आणि कोणी केला म्हणून विचारलं.

"मी," म्हटलं.

त्यांनी पैसे मोजून दिले आणि गालिचा घेऊन गेले.

आता पाय बरा आहे, ड्युटी सुरू आहे. सुट्टीच्या दिवशी मात्र ओट्यावरच बसतो. भाऊ चहाला येतात, शेजारच्या खुर्चीवर बसतात, चौकटीकडे पाहत नाहीत. सध्या तिच्यावर ज्वारीचं कणीस चढलंय. आकृती बायकोनं काढली आहे. दाणे पिवळे घ्यायचे की पांढरे, यावर आमचं अजून जमलेलं नाही.